गणिताचे साखळी सामने मुरुडपासून

दहावीचा निकाल लागला की लातूर विभागाकडे सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष जाते. २०२४ मध्ये राज्यात १८७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यांतले १२३ लातूर विभागाचे होते. २०२५ मध्ये शंभर टक्केवाले २११ झाले आणि त्यांत लातूर विभागाचे ११३. लातूर, नांदेड आणि धाराशिव असा तीन जिल्ह्यांचा हा विभाग, राज्यातल्या नऊ विभागांपैकी एक. कला-क्रीडेचे वाढीव गुण या टक्केवारीत धरलेले असतात हे खरे, पण ते सगळ्याच विभागांना मिळतात. घरांनी, शिक्षकांनी आणि मुलांनी केलेली मेहनत या आकड्यांमागे आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच २०२५ च्या निकालात उत्तीर्णांच्या टक्केवारीत हाच विभाग खालून दुसरा होता: ९२.७७ टक्के. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला होता.

मुरुडसारख्या गावात हे दोन्ही आकडे एकाच वर्गात बसलेले असतात. लातूर-बार्शी रस्त्यावरचे हे मोठे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले एसटीने, सायकलने इथल्या शाळांत येतात. आठवीच्या वर्गात दोन-चार मुले अशी निघतातच, ज्यांना फळ्यावर उदाहरण पुरते उतरायच्या आत उत्तर सुचते. त्यांतल्या ज्यांच्या घरची ऐपत असते ती लातूरच्या ट्यूशन एरियातल्या फाउंडेशन बॅचला जातात. बाकीची गावातच राहतात, आणि दोन वर्षांत त्यांची ती चमक कुणाच्या लक्षातही राहत नाही. या राहिलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मध्यम मुलांसाठीही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. तिला इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. शाळाशाळांमध्ये गणिताचे साखळी सामने भरवायचे.

परीक्षांचा तर आपल्याकडे तोटा नाही. शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आठवीला एनएमएमएस आहे, गणित अध्यापक महामंडळाच्या संबोध आणि प्रज्ञा परीक्षा आहेत, बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान पाचवी-सहावीच्या मुलांसाठी गणित प्रज्ञाशोध स्पर्धा घेते. दहावीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मात्र २०२१ नंतर थांबली आणि ग्रामीण हुशार मुलांचा एक मोठा आधार गेला. याखेरीज शुल्क भरून द्यायच्या खाजगी परीक्षा आहेत. त्यांच्या नावात 'ऑलिंपियाड' असते, पदकही घरी येते आणि पालकांना वाटते की मुलगा देशपातळीवर पोचला.

खरी ऑलिंपियाडची वाट वेगळी आहे. ती होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून जाते. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी आयओक्यूएम ही पहिली पात्रता परीक्षा होते. अलीकडच्या वर्षांत तिचे स्वरूप असे: तीस प्रश्न, तीन तास, आणि प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधली एक पूर्ण संख्या. पर्याय दिलेले नसतात, त्यामुळे अंदाजाने गोल काळा करून भागत नाही. त्यातून पार पडलेली मुले प्रादेशिक ऑलिंपियाडला बसतात, तिथली निवडक राष्ट्रीय ऑलिंपियाडला, मग प्रशिक्षण शिबिर, आणि शेवटी सहा जणांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो. भारत १९८९ पासून तिथे जातो आहे. १९९६ ची स्पर्धा मुंबईतच झाली. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात भारताने चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून चौथा क्रमांक पटकावला, आजवरचा सर्वोत्तम. त्या सहांपैकी तिघे महाराष्ट्रातले होते.

या वाटेला नावे ठेवण्यासारखे काही नाही. तिचे काम निवडण्याचे आहे आणि ते ती चोख करते. पण निवडणारी प्रत्येक स्पर्धा बाद फेरीची असते. मुरुडची एखादी नववीतली मुलगी सप्टेंबरच्या त्या रविवारी परीक्षेला बसली, असे समजू. असले प्रश्न ती आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे. तीन तासांत तिचे चार प्रश्न सुटतात, बाहेर पडते, आणि तिच्यापुरते ते प्रकरण तिथे संपते. सुटले नाहीत ते सव्वीस प्रश्न कसे सुटले असते हे सांगणारे गावात कुणी नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येत नाही. पुढच्या वर्षी दहावी असते आणि घरचे म्हणतात, आता बोर्डाचे बघ.

साखळीत पुढचा सामना असतो. आज हरलेला संघ महिनाभराने पुन्हा मैदानात उतरतो, मधल्या महिन्यात हरण्याचे कारण शोधतो. कबड्डीत, क्रिकेटमध्ये हे आपल्याला पटते. नाटकात तर महाराष्ट्राने ते करूनच दाखवले आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकात दरवर्षी महाविद्यालयांचे संघ उतरतात. करंडक एकाच संघाला मिळतो, पण दिवे लावणारा, नेपथ्य ओढणारा, तालमीला प्रॉम्प्टिंग करणारा असा सगळा चमू त्या दोन महिन्यांत नाटक शिकतो. गणितात मात्र मूल एकटे बसते, एकटे सोडवते आणि एकटेच नापास होते.

अमेरिकेत शाळांच्या गणित लीगांची परंपरा जुनी आहे. तिथल्या मॅथ लीग नावाच्या स्पर्धेचे वेळापत्रक अगदी साधे आहे: वर्षभरात सहा सामने, प्रत्येक सामन्यात सहा प्रश्न, वेळ तीस मिनिटे. शाळा आपल्याच वर्गात परीक्षा घेते, गुण कळवते आणि वर्षभर बेरीज चालू राहते. १९७६ मध्ये सुरू झालेली एआरएमएल ही प्रादेशिक संघांची मोठी स्पर्धा. तिथे एका संघात पंधरा मुले. काही प्रश्न एकेकट्याने सोडवायचे, काही सगळ्यांनी मिळून, एक फेरी सविस्तर सिद्धता लिहायची आणि एक फेरी रिलेची. ही रिले मुरुडच्या कुठल्याही शाळेत उद्या घेता येईल, इतकी सोपी आहे.

तीन मुले एकामागे एक बसतात. बोलायचे नाही, वळायचे नाही. प्रत्येकाकडे एक प्रश्न. पहिल्याचा प्रश्न पूर्ण असतो, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला मात्र पुढून आलेल्या चिठ्ठीवरची संख्या घेतल्याशिवाय उत्तर काढता येत नाही. समजा, पहिल्याला विचारले: १ ते १०० पैकी किती संख्यांना ३ ने भाग जातो, पण ५ ने जात नाही? दुसऱ्याला: चिठ्ठीवर जितकी संख्या आहे तितक्या बाजूंच्या बहुभुजाला कर्ण किती? तिसऱ्याला: चिठ्ठीवरच्या संख्येला एकूण विभाजक किती?

पहिला मोजतो. ३ ने भाग जाणाऱ्या ३३, त्यांतल्या १५ च्या पटीतल्या ६ वजा, उरल्या २७. चिठ्ठी मागे जाते. दुसरा तोवर हातावर हात ठेवून बसलेला नाही. बाजू किती हे माहीत नसले तरी प्रत्येक शिरोबिंदूपासून स्वतःकडे आणि दोन शेजाऱ्यांकडे कर्ण जात नाही, आणि प्रत्येक कर्ण दोनदा मोजला जातो, एवढे त्याने आधीच कागदावर मांडून ठेवले आहे. २७ हातात पडताच २७ गुणिले २४ भागिले २, म्हणजे ३२४. तिसरी मुलगी ३२४ चे मूळ अवयव पाडते: दोन वेळा २, चार वेळा ३. विभाजक तीन गुणिले पाच, म्हणजे १५. हात वर.

आता पहिला १५ च्या पटी वजा करायला विसरला असता, तर मागे ३३ गेले असते. दुसऱ्याने बिनचूक काम करून ४९५ काढले असते, तिसरीनेही बिनचूक १२ काढले असते आणि संघाला शून्य मिळाले असते. सामना संपल्यावर तिघे एका कागदावर डोके घालून 'कुठे गेले?' म्हणून शोधतात, आणि सगळे शिक्षण त्या पाच मिनिटांत होते. विसरलेला मुलगा ती चूक पुन्हा करत नाही, कारण त्याला लाल शेरा मिळालेला नसतो, त्याच्या दोन मित्रांची मेहनत वाया गेलेली असते. दुसरे म्हणजे, संख्या हातात यायच्या आधी रीत तयार ठेवणे, हेच तर बीजगणित. आठवीत 'क्ष कशाला हवा?' असे विचारणाऱ्या मुलाला त्याचे उत्तर रिलेत दुसऱ्या जागेवर बसले की मिळते.

रशियात आणखी एक प्रकार रुजला. लेनिनग्राडच्या शाळेतले शिक्षक इओसिफ वेरेबेइचिक यांनी १९६०च्या दशकात तो सुरू केला. दोन संघांना तेच प्रश्न देतात आणि सोडवायला काही तास. मग एक संघ दुसऱ्याला आव्हान देतो: अमुक प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवा. एक मुलगा उत्तर मांडतो आणि समोरच्या संघातला एक जण त्यात खोट काढायला उभा राहतो. 'हे पाऊल कशावरून?' 'ही संख्या शून्य असली तर?' खोट सापडली की गुण शोधणाऱ्याला. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांवर पोसलेल्या मराठी शाळांना हा प्रकार शिकवावा लागणार नाही. फक्त विषय बदलायचा आहे, 'मोबाईल शाप की वरदान' याऐवजी एक भूमितीची सिद्धता.

लहान गावातून हे कसे निघणार, असे विचारणाऱ्यांनी हंगेरीकडे पाहावे. १८९४ मध्ये ग्योर या बुडापेस्टपासून दूरच्या गावातले शाळामास्तर डॅनिएल अरानी यांनी माध्यमिक शाळांतल्या मुलांसाठी गणिताचे एक मासिक काढले. 'कोमाल' या नावाने ते आजही निघते. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी उत्तरे टपालाने पाठवायची, चांगले उत्तर मुलाच्या आणि शाळेच्या नावासह पुढच्या अंकात. वर्षभर गुणांची बेरीज चाले, आणि उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटो छापण्याची पद्धतही पुढे पडली. म्हणजे ती टपालाने चाललेली साखळी स्पर्धाच होती. पॉल एर्डिश हा विसाव्या शतकातला मोठा गणिती शाळकरी वयात या मासिकाला उत्तरे पाठवत असे. त्याच १८९४ साली हंगेरीत शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी एओट्व्योश स्पर्धा सुरू झाली. तिच्या विजेत्यांत थिओडोर फॉन कारमान आणि एडवर्ड टेलर आहेत. त्या छोट्या देशाने जगाला इतके गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ कसे दिले याची चर्चा होते तेव्हा या मासिकाचे नाव निघतेच.

मराठवाड्यालाही असे धागे नाहीत असे नाही. लातूर जिल्ह्यातल्याच अहमदपूरहून बापूराव ढगे यांनी संशोधन केले आणि त्यांच्या नावाची स्थिरबिंदू प्रमेये देशोदेशीच्या शोधनिबंधांत वापरली जातात. राज्यात थोडे मागे गेले तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९२७ मध्ये फर्ग्युसनमध्ये असताना त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत ते शिक्षक होते आणि तिथूनच त्यांनी ६१७४ हा कापरेकर स्थिरांक जगाला दिला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. एक तरुण स्पर्धेत उतरला, त्याला बक्षीस मिळाले, आणि तीसेक वर्षे शाळेत शिकवता शिकवता त्याने संख्यांचा नाद सोडला नाही. असा शिक्षक प्रत्येक तालुक्यात एखादा तरी असतो. त्याच्या डोक्यातले प्रश्न पोरांपर्यंत नेण्याची व्यवस्था तेवढी नसते.

ऑलिंपियाडचे गणित म्हणजे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे, ही समजूतही तपासून पाहावी. पहिली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात झाली. सात देश होते. तिचा पहिलाच प्रश्न असा: क्ष ही कोणतीही नैसर्गिक संख्या असली तरी (२१क्ष + ४) छेद (१४क्ष + ३) हा अपूर्णांक नेहमी अतिसंक्षिप्त रूपातच असतो, हे सिद्ध करा. यासाठी मसावि कळला की पुरे. वरच्या राशीला आणि खालच्या राशीला एखाद्या संख्येने भाग जात असेल, तर खालच्याची तिप्पट आणि वरच्याची दुप्पट यांच्या वजाबाकीलाही तिने भाग जाईल. तिप्पट म्हणजे ४२क्ष + ९, दुप्पट म्हणजे ४२क्ष + ८. वजाबाकी १. एकला भाग जाणारी नैसर्गिक संख्या फक्त १, म्हणून वर-खाली सामाईक काही उरत नाही. हे सगळे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या साहित्यावर होते. मसावि काढायची पन्नास उदाहरणे केलेल्या मुलाला मसाविचा असा उपयोग करून पाहा, असे कुणी सांगितलेले नसते, एवढाच काय तो अडसर.

लातूर पॅटर्नचा विषय इथे टाळता येत नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे; पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. त्यांच्या आणि नंतर अनिरुद्ध जाधवांच्या काळात या महाविद्यालयात जी शिस्त घडली, जादा तास, सराव परीक्षा, चुकांची उजळणी, पुन्हा परीक्षा, तिने मागास म्हणून हिणवलेल्या भागातली मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसवली. हे मोठे सामाजिक काम होते. शेतकऱ्याच्या घरातला पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर त्यातून निघाला. त्या पॅटर्नचा गाभा म्हणजे एका परीक्षेवर न थांबणे, चूक सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा बसणे. साखळी सामन्यांत दुसरे काय असते? लातूरला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही.

गेल्या दहाएक वर्षांत मात्र या शिस्तीचे तोंड बहुतांशी नीटकडे वळले आहे. नीटमध्ये १८० प्रश्न: भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. गणित शून्य. त्यामुळे या भागातली कितीतरी तल्लख मुले दहावीनंतर बायोलॉजी घेतात आणि गणिताला कायमचा रामराम करतात. डॉक्टर व्हायचे स्वप्न चुकीचे नाही, पण ज्या मुलाला गणिताची गोडी लागली असती त्याला ती लागायच्या आधीच विषय सोडावा लागतो. शिवाय या परीक्षांचा वेग पाहा: १८० मिनिटांत १८० प्रश्न. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस, दर दिवशी साडेचार तास आणि तीन प्रश्न. एका प्रश्नावर दीड तास विचार करायचा. एका मिनिटात उत्तर ओळखणे आणि दीड तास एका प्रश्नाशी झुंजणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि आपण पहिल्याचीच तालीम देतो. म्हणून आठवी आणि नववी ही दोन वर्षे मोलाची. बोर्डाचा आणि नीटचा दाब यायच्या आधी गणिताशी मनासारखे खेळायला मिळतील अशी ही शेवटची दोन वर्षे.

साखळी सामन्यांवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. 'असर'च्या २०२३ च्या अहवालासाठी देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी झाली, महाराष्ट्रातून त्यात नांदेड जिल्हा होता. सगळ्या जिल्ह्यांचे मिळून चित्र असे, की तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचे उदाहरण ४३.३ टक्के मुलांनाच जमले. भागाकार येत नाही तिथे लीग कसली काढता, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पाया कच्चा असताना चार हुशार मुलांचा संघ काढून ढाल मिळवायची, असे या सामन्यांचे झाले तर ते न झालेले बरे.

ते तसे होऊ नये म्हणून नियमच तसे हवेत. संघ पाच जणांचा, पण हंगामात प्रत्येक शाळेने किमान पंधरा मुले खेळवली पाहिजेत. एकच पाच मुले प्रत्येक सामन्याला आणली तर गुण कापायचे. संघात किमान दोन मुली. रिलेच्या पहिल्या जागेचा प्रश्न नेहमी पाचवी-सहावीच्या पातळीचा: भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी. त्या जागेवर वर्गातला कच्चा मुलगा बसेल, आणि संघाचे भवितव्य त्याच्या भागाकारावर अवलंबून असेल तेव्हा बाकीचे चौघे त्याला शिकवतील. शाळेत सरांनी दहा वेळा सांगून न आलेला भागाकार मित्राने मधल्या सुट्टीत शिकवल्यावर येतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. आता खेड्यापाड्यांत सेमी-इंग्रजी वर्ग आहेत. गणित इंग्रजीत, बाकी सगळे मराठीत. शाब्दिक उदाहरण आले की मूल अडते आणि आपण समजतो त्याला गणित येत नाही. खरे तर त्याला वाक्य कळलेले नसते. त्यामुळे सामन्यांचे प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शेजारी शेजारी छापले पाहिजेत, उत्तर कोणत्याही भाषेत चालले पाहिजे. मंगला नारळीकरांनी मराठीत गणितावर आयुष्यभर जे लिहिले, 'गणितगप्पा'सारखी पुस्तके दिली, ती शाळेच्या कपाटात कुलूपबंद असण्यापेक्षा संघाच्या हातात असावीत. मराठीत गोड लागणारे, विचार करायला लावणारे प्रश्न अजून खूप लिहायचे आहेत. सामने सुरू झाले की प्रश्नांची गरज पडेल आणि गरज पडली की लिहिणारेही पुढे येतील.

मुरुड का, लातूर शहर का नाही? शहरात क्लासचालकांची चढाओढ आहे. तिथे लीग निघाली तर पहिल्याच वर्षी फलकांवर विजेत्यांचे फोटो लागतील आणि दुसऱ्या वर्षी 'लीग बॅच' निघेल. मुरुडभोवती जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. शिक्षक एकमेकांना ओळखतात, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामांवर एकत्र असतात. आठ शाळा जमल्या तरी साखळी उभी राहते. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर दोन तासांत सामना होतो, आणि बाहेरगावच्या मुलींची परतीची एसटी चुकत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना शाळेपर्यंतचा पास मोफत आहेच. सामना दर वेळी वेगळ्या शाळेत ठेवायचा असेल तर त्या दिवसापुरता त्या गावापर्यंत पास चालावा, एवढी विनंती आगार व्यवस्थापकांकडे करावी लागेल.

शिक्षकांवर आणखी एक ओझे, ही तक्रार येईल आणि ती रास्त आहे. शाळेत शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्यात वेळ जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतील. प्रश्न काढणे आणि तपासणे हे काम शाळेच्या शिक्षकांकडे नको. नांदेडच्या विद्यापीठात गणितीय विज्ञानांचे संकुल आहे, लातूरच्या महाविद्यालयांत गणित विभाग आहेत. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा बारा प्रश्न आणि त्यांची उत्तरे तयार करणे हा त्यांच्याही अभ्यासाचा भाग ठरू शकतो. तपासायला निवृत्त गणित शिक्षक आहेत. लातूर पॅटर्नच्या बहराच्या काळात ज्यांनी रात्री अकरापर्यंत मुलांच्या अभ्यासिकेत फेऱ्या मारल्या, त्यांतले अनेक जण आज घरी आहेत आणि त्यांना बोलावणारे कुणी नाही. दुसरी गोष्ट, गट शिक्षणाधिकाऱ्यांनी या सामन्यांचा कुठलाही अहवाल, कुठलाही फोटो, कुठलीही लिंक मागू नये. गुणतक्ता शाळेच्या फलकावर लावला की पुरे.

बक्षिसांचे काय? पैसे नकोत. जिंकलेल्या संघाला चषक फिरता द्यावा आणि प्रत्येक सामन्यात ज्या मुलाने सर्वांत सुंदर रीत वापरली, त्याची रीत त्याच्या नावासह पुढच्या महिन्याच्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या पानावर छापावी. उत्तर चुकलेले असले तरी रीत छापता येईल, मग चूक कुठे झाली तेही खाली लिहावे. अरानी मास्तरांच्या मासिकाने हेच केले, आणि आपले नाव छापून आलेले पाहण्यासाठी हंगेरीतली मुले महिनाभर प्रश्नांशी झुंजत राहिली.

वेळापत्रक जूनपासूनच आखावे लागेल. जुलैत पहिला सामना, ऑगस्टमध्ये दुसरा. मग सप्टेंबरमध्ये ज्यांना हौस आहे ती मुले आयओक्यूएमला बसतील, तेव्हा अशा प्रश्नांशी त्यांची ओळख झालेली असेल. तिथे निवड झाली तर उत्तमच, नाही झाली तरी ऑक्टोबरमध्ये पुढचा सामना आहे. दिवाळीची सुट्टी वगळून जानेवारीपर्यंत सहा सामने बसतात. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा सुरू होतात, तोवर आठवी-नववीचा हंगाम संपलेला असावा. पहिल्या वर्षी चुका होतील. एखादा प्रश्न चुकीचा निघेल, एखाद्या सामन्याला परीक्षक येणार नाहीत, गुणांवरून दोन शाळांत वाजेलही. त्यासाठी मुख्याध्यापकांची तिघांची समिती आधीच नेमावी, आणि तिचा निर्णय त्याच शनिवारी, मुले घरी जायच्या आत व्हावा.